वळवाच्या वादळानंतर घराच्या छपराची पाहणी

कोल्हापूर जिल्ह्यात चैत्र सरत आला की दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागते. दिवसभर अंगाची काहिली होते, चारच्या सुमारास वारा एकाएकी पडतो, झाडाचे पान हालत नाही; मग धुळीचा लोट उठतो, विजा कडाडतात, टपोऱ्या थेंबांचा आणि क्वचित गारांचा मारा होतो आणि अर्ध्या-पाऊण तासात सारे शांत होते. वळवाचा हा क्रम येथील शेतकऱ्यास नवा नाही. वादळ ओसरल्यावर तो प्रथम मळ्याकडे धावतो. केळी मोडली काय, आंबा किती झडला, वैरणीची गंजी उसकटली काय, हे पाहून तो घरी येतो. अंगणात कौलांचे तुकडे पडले असतील तर ती कौले बदलतो. पत्रा उडाला असेल तर शोधून आणतो. अंगणात काहीच पडलेले नसेल तर 'घर वाचले' असे म्हणून तो निश्चिंत होतो. ह्या लेखात मुख्यतः ह्या 'वाचलेल्या' घराविषयी लिहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी पन्हाळा तालुक्यातील एका गावातून सोयाबीन उगवले नसल्याची तक्रार आमच्याकडे आली. बियाणे घरचेच होते; मागील हंगामात निवडून, वाळवून, पोत्यांत भरून माळ्यावर ठेवलेले. मेच्या आरंभी त्या शेतकऱ्याने ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवणशक्ती पाहिली होती आणि ती चांगली भरली होती. तरीही शेताच्या एका तुकड्यात निम्मे दाणेदेखील वर आले नव्हते. शेजारच्या तुकड्यात त्याच बियाण्याचे पीक मात्र ठीक होते. पेरणीची खोली पाहिली, जमिनीतील ओल पाहिली, दोष सापडेना. शेवटी बियाण्याची रिकामी पोती पाहावी म्हणून माळ्यावर चढलो. एका पोत्याच्या कुशीवर पिवळसर कडा असलेला मोठा डाग होता. पोते जेथे ठेवले होते त्याच्या नेमके वर काहीच दिसेना. परंतु तेथून दीड हात वरच्या अंगास एक कौल जागेवरून चार बोटे खाली घसरलेले होते. ते फुटले नव्हते आणि पडलेही नव्हते. मेच्या मध्यास झालेल्या वळवात ते सरकले असावे. पुढच्या पावसात पाणी वाशावरून ओघळत पोत्यावर आले आणि पोत्याने ते पिऊन टाकले. जमिनीवर थेंबही न आल्यामुळे घरात कोणासही गळतीची शंका आली नाही. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. एकदा भिजून सुकलेला दाणा वरून धड दिसला तरी पुष्कळदा अंकुर धरीत नाही. पेरणीच्या घाईत थोड्या सुरकुतलेल्या दाण्यांकडे कोण पाहतो?

येथे एक गोष्ट कबूल करावयास हवी. त्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी पिकांची नुकसानी पाहण्याकरिता मी त्याच गल्लीतून गेलो होतो. ह्याच घराच्या सोप्यात बसून चहा घेतला होता. अंगण स्वच्छ पाहून 'घराला काही झाले नाही ना?' असे विचारले, त्यांनी 'काही नाही' म्हटले आणि मी पुढच्या घराकडे वळलो. छपराकडे मान वर करून मी पाहिले नव्हते.

पाहणीला मिळणारा वेळ

वळवाचे शेवटचे वादळ आणि मृगाचा पाऊस ह्यांमध्ये आपणास फार दिवस मिळत नाहीत. रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास लागते, मृग 7-8 जूनला. वर्षाची शाकारणी बहुतेक घरी ह्याच काळात उरकतात. पण ती अनेकदा वळवाच्या आधी होते आणि येथेच चूक घडते. एप्रिलमध्ये शाकारलेले घर मेच्या वादळानंतर पुन्हा पाहावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

जिल्ह्याच्या दोन टोकांस पावसाचे मान फार वेगळे आहे. गगनबावड्यास वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर शिरोळकडे तो सुमारे पाचशे मिलिमीटरांवरच थांबतो. शिरोळ, हातकणंगले भागात सरकलेले एखादे कौल कदाचित आठवडाभर खपून जाईल. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड ह्या भागांत एकदा झड लागली की पंधरा-पंधरा दिवस छपरावर चढता येत नाही आणि वाशाला वाळावयास सवड मिळत नाही. त्या भागातील कार्यकर्त्यांनी ही पाहणी प्रथम हाती घ्यावी.

हा प्रश्न एकट्या वळवाचा नाही. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. मृगाला अवघे चार-पाच दिवस उरले असता रायगडातील आणि रत्नागिरीच्या उत्तर भागातील असंख्य घरांची कौले व पत्रे गेले. पुढील वर्षी मेच्या मध्यास 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत 17 मे 2021 रोजी गुजरातला धडकले. अशी वादळे कोकणावरून गेली तरी त्यांचा वारा-पाऊस घाट चढून आपल्या पश्चिमेकडील तालुक्यांपर्यंत येऊ शकतो, हे लक्षात असू द्यावे.

वारा छपराला काय करतो

वारा छपराला वरून दाबतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो छप्पर उचलतो. भिंतीवर आपटलेला वारा वर चढतो आणि वळचणीखाली शिरून तिला वर रेटतो. आढे ओलांडून पलीकडे जाताना तो तेथील पाख्यावर बाहेरच्या बाजूने ओढ निर्माण करतो. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचा दरवाजा उघडा राहिला असेल तर घरात शिरलेला वारा आतूनही छपरास वर ढकलतो. भर वाऱ्यात छत्री उलटी होते, तशीच ही गोष्ट आहे. म्हणून वादळ दिसताच दारे-खिडक्या लावून घेण्याची जुन्या माणसांची सवय योग्यच होय.

ह्यावरून कोठे पाहावयाचे ते ठरते. छपराच्या मध्यभागापेक्षा त्याच्या कडा, कोपरे, आढ्याची ओळ आणि दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींलगतचा पट्टा येथे नुकसानी अधिक होते. वाऱ्याच्या बाजूचे पाखे तेवढे पाहून थांबणे बरोबर नाही; पलीकडील पाखेही तितक्याच बारकाईने पाहावे. शिवाय मृगानंतरचा पाऊस बहुधा पश्चिमेकडून येतो, तर वळवाचा वारा ढग जसा फुटेल तसा कोणत्याही बाजूने येतो. पश्चिमेचे पाखे मजबूत करून ठेवलेल्या घराची पूर्वेची वळचण वळवात उचकटलेली पुष्कळदा आढळते.

बाहेरून पाहणी

पाहणीच्या आधी एवढे अवश्य करावे. विजेची तार तुटून छपरावर, विशेषतः पत्र्यावर पडलेली नाही ना, हे पाहावे. पडली असल्यास घराला, पत्र्याला वा त्याला टेकलेल्या शिडीला हात न लावता महावितरणच्या कर्मचाऱ्यास कळवावे. ओल्या कौलांवर चढू नये. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी घाईने वर चढून हातपाय मोडून घेतलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. खरे तर पाहणीचे तीन हिस्से काम जमिनीवरून आणि माळ्यावरूनच होते.

सकाळी सात-आठच्या किंवा सायंकाळी पाचच्या सुमारास, ऊन तिरपे असताना, घरापासून वीस-पंचवीस पावले दूर उभे राहावे. तिरप्या उन्हात कौलांच्या ओळींची सावली पडते आणि एखादे कौल जरी उचलले गेले असले तरी ती सावली तुटलेली दिसते. भर दुपारी हेच छप्पर निर्दोष भासते. शेजाऱ्याच्या माडीवरून किंवा एखाद्या उंचवट्यावरून पाहता आले तर अधिक चांगले. हल्ली घरोघरी असलेल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यातून लांबचे जवळ आणून पाहता येते व चित्र घेऊन ठेवता येते. शिडीचे निम्मे काम ह्या यंत्राने वाचविले आहे.

प्रथम आढ्याची रेषा पाहावी. ती सरळ असावयास हवी. ती मध्येच खाली वाकलेली दिसली तर ती जुनीच आहे की वादळानंतर आली, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. नवी असेल तर कौलांचा विचार बाजूस ठेवून सुतारास बोलवावे, कारण तुळई किंवा कैची जागेवरून हलली असण्याचा संभव आहे. 2019 व 2021 च्या महापुरांत पंचगंगा, भोगावती, कृष्णेच्या काठची जी घरे पाण्यात उभी राहिली, त्यांच्या बाबतीत हा संशय अधिक धरावा. पांढऱ्या मातीच्या भिंतीचा पाया एकदा भिजून बसला असेल तर तिच्या माथ्यावरील लाकडाची पकड सैल होते, आणि पुढचे वादळ त्याच जागी जोर करते.

त्यानंतर वळचणीची ओळ पाहावी. वळचणीखाली जमिनीवर पागोळ्यांनी पाडलेली खळग्यांची रांग असते. वादळानंतरच्या पहिल्या पावसात ही रांग एखाद्या ठिकाणी तुटली, किंवा एका जागी खळगा नेहमीपेक्षा मोठा झाला, तर त्याच्या वर कोठेतरी पाण्याची वाट बदलली आहे असे समजावे. ही खूण फुकटची आहे आणि सहसा चुकत नाही.

कौलारू घर

आपल्याकडील बहुसंख्य कौलारू घरांवर आता मंगलोरी कौले आहेत. 1865 साली मंगळूर येथे बाझल मिशनने ह्या कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे ती किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर सर्वत्र पसरली. सुमारे सोळा इंच लांब व सव्वानऊ इंच रुंद असे हे कौल रिपेवर नुसते अडकविलेले असते. त्याच्या पाठीशी असलेले दात रिपेला धरतात आणि वरचे कौल खालच्यावर दोन-तीन इंच चढलेले असते. म्हणजे जे काही रक्षण आहे ते ह्या दोन-तीन इंचांत आहे. वाऱ्याने क्षणभर उचललेले कौल पुन्हा खाली बसते, पण दात रिपेवर न बसता रिपेच्या खाली बसतो. कौल शाबूत आणि छप्पर उघडे, अशी ही अवस्था होय. वर सांगितलेल्या घरात हेच घडले होते.

ते ओळखण्याचा उत्तम मार्ग आतून आहे. ऐन दुपारी माळ्यावर जाऊन दारे-खिडक्या बंद कराव्या आणि डोळे अंधारास सरावेपर्यंत पाच-सात मिनिटे स्वस्थ बसावे. जेथून कवडसे येतील तेथे कौल सरकले वा फुटले आहे. कवडसा जमिनीवर जेथे पडतो तेथे नव्हे, तर तो ज्या फटीतून येतो तेथे, जवळच्या वाशावर खडूने खूण करावी. ज्या फटींतून ऊन थेट येत नाही त्यांतूनही उजेडाची रेघ दिसते. ती सोडू नये. नंतर एकाने रात्री बाहेरून छपरावर विजेरीचा झोत फिरवावा व दुसऱ्याने आत बसावे. दिवसा न दिसलेल्या दोन-चार जागा ह्या रीतीने निघतात. घरातील मुलांना हे काम फार आवडते आणि त्यांची नजरही आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

गारा पडल्या असतील तर कौलांस केसासारखे बारीक तडे जातात. त्यांतून उजेड येत नाही, पण पाणी झिरपते. अशा पाख्यावरील काही कौले, विशेषतः आढ्याजवळची, काढून बोटाच्या पेराने वाजवून पाहावी. बाजारात मडके घेताना आपण जी परीक्षा करतो तीच येथे करावयाची. धड कौल खणखणीत वाजते, तडकलेले बद्द वाजते. पाच-सहांत एक जरी बद्द निघाले तरी त्या पाख्यावरील सर्वच कौले वाजवून घ्यावीत.

आढ्यावरील कौले चुन्यात किंवा सिमेंटात बसविलेली असतात. वारा त्यांना उचलू शकला नाही तरी हलवितो आणि सांध्याला बारीक भेग पडते. दुरून ही भेग दिसत नाही. खाली वळचणीशी किंवा पन्हळीत चुन्याचा वा सिमेंटचा ताजा भुगा, खपल्या पडलेल्या आढळल्या तर आढ्याचे सांधे सुटले आहेत असे समजावे. दोन पाखी आतल्या अंगाने मिळतात तेथील पन्हळ पाला, आंब्याच्या डहाळ्या आणि कौलांच्या कपच्या ह्यांनी तुंबते. ती आधी मोकळी करावी. तुंबलेली पन्हळ फुटक्या कौलापेक्षा अधिक पाणी घरात आणते.

नवी कौले आणताना जुन्या कौलाच्या पाठीवरील कारखान्याचे नाव वाचून, नमुन्याचे एक कौल बरोबर नेऊन आणावीत. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांचे माप व खाचा थोड्या भिन्न असतात आणि ती एकमेकांत नीट बसत नाहीत. बेळगावाकडून आलेली जुनी कौले स्वस्त मिळाली म्हणून घालणाऱ्यांची फसगत ह्याच कारणाने होते.

पत्र्याचे छप्पर

गोठा, जनावरांची शेड, गुऱ्हाळघर आणि आता पुष्कळ राहती घरेही पत्र्याची झाली आहेत. पत्रा उडून गेला तर ते कोणासही दिसते. न दिसणारी गोष्ट अशी की, जो पत्रा उडाला नाही तोही वादळात शेकडो वेळा उचलला जाऊन पुन्हा आपटलेला असतो. प्रत्येक आपटीबरोबर हुकाचे छिद्र थोडे थोडे लांबट होते, वायसर चेपते किंवा फाटते. वादळानंतर पत्रा वरून सपाट दिसतो, पण पुढच्या वादळात तोच प्रथम जातो.

म्हणून खालून पाहावे. छिद्राभोवती उजेडाची कडी दिसली तर छिद्र मोठे झाले आहे. हुकाच्या खाली तांबड्या गंजाचा ओघळ असेल तर तेथून पाणी आधीपासूनच येत आहे. साध्या वाऱ्यातही पत्रा फडफडत असेल तर त्या रांगेतील सर्व हूक आवळून पाहावेत. वळचणीकडील व दोन्ही टोकांकडील रांगा आधी, मधल्या नंतर. ज्या अँगलवर किंवा लाकडावर पत्रा बसविला आहे तो भिंतीशी घट्ट आहे काय, हे हाताने हालवून पाहावे. कारण पत्रा चांगला जखडलेला आणि खालचा अँगल मोकळा असला तर सबंध छप्परच उडते. छिद्र लांबट झालेल्या ठिकाणी जुन्याच छिद्रात नवा हूक बसवू नये. शेजारच्या उंचवट्यावर नवे छिद्र पाडून, मोठ्या व नव्या वायसरसह हूक बसवावा आणि जुने छिद्र डांबराने बुजवावे. पाणी पन्हळीतून वाहते, त्यामुळे छिद्र नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावरच असावे, खाचेत नसावे. घाईने काम करणारे कारागीर येथे चुकतात.

पत्र्यावर दगड ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. तिच्याविषयी आमचे मत चांगले नाही. मंद वाऱ्यात दगड पत्रा दाबून धरतो हे खरे, पण वादळात पत्रा उचलला गेला की तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर वा दावणीच्या जनावरावर येतो. शिवाय दगडाखाली ओल साचून पत्रा गंजतो. दगडाच्या किमतीत हूक येत नाहीत हे मान्य. तथापि गोठ्यातील एका म्हशीच्या किमतीत किती हूक येतील ह्याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

सिमेंटच्या पत्र्याबाबत विशेष सावधगिरी हवी. त्याला हुकाच्या छिद्रापासून लांबीच्या दिशेने तडा जातो. वरून तो सापडत नाही. पावसानंतर खालच्या बाजूस काळसर ओली रेघ दिसते. अशा पत्र्यावर कधीही थेट पाय देऊ नये. तो न वाकता एकदम फुटतो आणि माणूस खाली येतो. वर जाणे भागच असेल तर खालच्या लाकडांवर येईल अशी फळी किंवा शिडी आडवी टाकून तिच्यावरून जावे. पुष्कळशा जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. म्हणून फुटलेले तुकडे पाणी मारून ओले करून, तोंडाला फडके बांधून उचलावेत. ते घासू किंवा कापू नयेत आणि मुलांच्या हाती पडू देऊ नयेत.

पाचटाच्या व गवताच्या छपरांविषयी थोडक्यात एवढेच, की वाऱ्याने थर विरळ झालेली जागा आतून उजेडावरून कळते आणि बांधणीचे दोर वळचणीकडे प्रथम तुटतात. स्लॅबच्या घरात पाणी जाण्याची भोके पाल्याने तुंबली नाहीत ना व पाण्याची टाकी सरकून तिने कठड्याला धक्का दिला नाही ना, हे पाहिले की बहुतेक काम झाले.

लाकडाची परीक्षा

छपराचे आयुष्य कौलावर नसून लाकडावर आहे. पोती शिवण्याचे दाभण प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असते. ते घेऊन माळ्यावर जावे. वाशांची वळचणीकडील टोके, भिंतीत गेलेली तुळईची टोके आणि जेथे डाग दिसतो ती प्रत्येक जागा दाभणाने टोचावी. चांगल्या लाकडात दाभण जेमतेम शिरते. विनासायास बोटभर आत गेले तर लाकूड कुजले आहे. टोचताना पोकळ आवाज येऊन माती निघाली तर वाळवी आहे, आणि पिठासारखा बारीक भुगा गळत असेल तर भुंगा लागला आहे.

डाग नवा की जुना हेही ओळखता आले पाहिजे. ह्या वर्षीच्या पाण्याचा डाग एकसारखा काळसर व हाताला गार लागतो. जुन्या डागाभोवती एकात एक पिवळ्या-तपकिरी कडा असतात, कारण दर पावसाळ्यात तो थोडा पसरून सुकलेला असतो. डाग सापडला म्हणजे गळती सापडली असे मात्र नव्हे. पाणी आत येते एका ठिकाणी, वाशावरून उतरते आणि गाठीपाशी वा रिपेपाशी अडून भलतीकडेच ठिबकते. म्हणून डागापासून वाशाच्या चढाच्या दिशेने वर वर पाहत जावे. गळती नेहमी वरच्या अंगास सापडते, खालच्या नाही.

हे सर्व होईपर्यंत बियाणे, धान्य व गुळाच्या ढेपा छपराच्या कडेखालून हलवून घराच्या मध्यभागी, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर ठेवाव्या. शंका असलेल्या पोत्यातील बियाण्याची उगवणशक्ती वळवानंतर पुन्हा एकदा पाहावी. मेच्या आरंभी घेतलेली परीक्षा जूनमध्ये लागू पडेलच असे नाही, हे आम्ही त्या सोयाबीनच्या तुकड्यावरून शिकलो.

पंचनाम्यासाठी नोंद

नुकसानभरपाईबाबत ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांकडे वारंवार विचारणा होते. केंद्र शासनाने 2022-23 ते 2025-26 ह्या काळासाठी ठरविलेल्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत, घराची अंशतः पडझड किमान 15 टक्के असल्यास पक्क्या घरासाठी 6,500 रुपये, कच्च्या घरासाठी 4,000 रुपये आणि घराला जोडलेल्या गोठ्यासाठी 3,000 रुपये अशी तरतूद होती. प्रसंगपरत्वे राज्य शासन वेगळे आदेश काढते. म्हणून लागू असलेला दर गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, विचारून घ्यावा.

ह्यातील 15 टक्क्यांची अट महत्त्वाची आहे. 'काही कौले फुटली' अशी मोघम नोंद झाली की प्रकरण तेथेच संपते. आकडा द्यावा. मंगलोरी कौले एका चौरस मीटरला सुमारे 15 लागतात. 32 फूट लांब व प्रत्येक पाखे 13 फूट उताराचे असे दुपाखी छप्पर धरले तर क्षेत्र 832 चौरस फूट, म्हणजे सुमारे 77 चौरस मीटर भरते, आणि त्यावर साधारण 1,150 कौले असतात. त्यांपैकी किती फुटली, किती बद्द वाजली, किती वासे हलले, हे मोजून कागदावर लिहून ठेवावे. अंतिम निर्णय पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. परंतु मोजलेला आकडा समोर असला म्हणजे त्यालाही तो पाहावा लागतो.

नुकसानीचे कारण वारा की आणखी काही, असाही प्रश्न निघतो. डोंगराकाठच्या गावांत वानरे कौले फोडतात. वानरांची फोड छपरावर इकडे-तिकडे विखुरलेली, मध्यभागी दबलेली असते आणि अनेकदा झाडाच्या फांदीजवळ असते. वाऱ्याची नुकसानी कडेपासून किंवा आढ्यापासून सुरू होऊन पट्ट्याने आत जाते. छायाचित्रे घेताना हा पट्टा सबंध दिसेल असे एक चित्र दुरून घ्यावे व बाकीची जवळून. त्यांत घराचा ओळखू येईल असा भाग, दरवाजा अथवा घरक्रमांकाची पाटी, यावा. दुरुस्तीपूर्वी चित्रे घेतलीच पाहिजेत. फुटलेली कौले फेकून न देता पंचनामा होईपर्यंत एका बाजूस रचून ठेवावीत.

पंचनाम्याची वाट पाहत छप्पर उघडे ठेवावे असा ह्याचा अर्थ नव्हे. ताडपत्री घालावी, पण ती फुटक्या जागेपुरती घालून उपयोग नाही. तिची वरची कड आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर किमान हातभर उतरली पाहिजे. नाहीतर वरून येणारे पाणी ताडपत्रीच्या खाली शिरते आणि गळती होती त्याहून वाढते. कड लाकडी पट्टीभोवती गुंडाळून दोराने खालच्या वाशास बांधावी. कौलांवर खिळे ठोकू नयेत.

पहिल्या पावसातील फेरी

दुरुस्ती झाल्यावर एक फेरी उरते. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडू लागेल त्या वेळी, रात्र असली तरी, विजेरी घेऊन माळ्यावर जावे आणि खडूने केलेली प्रत्येक खूण पाहावी. पाऊस सुरू झाल्याबरोबर नव्हे, तर अर्ध्या तासाने जावे. तोपर्यंत कोरडी कौले पाणी पिऊन भरलेली असतात आणि खरी गळती तेव्हाच दिसू लागते. खुणेखालचा वासा हाताने चाचपावा. कोरडा लागला तर खूण पुसावी. ओला लागला तर खुणेभोवती गोल करावा आणि पावसाने पहिली उघडीप देताच त्या जागेचे व तिच्या वरच्या दोन ओळींतील कौल पुन्हा काढून बसवावे.